थंडीत कासवाचा सत्कार

एका जंगलात थंडी पडली, मुलांनो, आणि तिथूनच सगळा घोळ सुरू झाला.

जंगल कुठलं ते विचारू नका. नाव सांगितलं की रविवारी तुमचे बाबा तुम्हाला गाडीत घालून तिथे नेतील आणि सोमवारी तिथे वेफर्सच्या पाकिटांशिवाय काही उरणार नाही. एवढंच लक्षात ठेवा की त्या जंगलात एक ओढा होता, ओढ्याकाठी आवळ्याचं झाड होतं आणि झाडाखालच्या बिळात वेणूबाई नावाची साळिंदरीण राहत होती.

तुम्ही साळिंदर पाहिलेलं नाही. मोबाइलवर पाहिलेलं मी धरत नाही. साळिंदराच्या पाठीवर लांब लांब काटे असतात, काळे-पांढरे आणि चांगले टोकदार. वेणूबाईंनाही होते. स्वभाव मात्र तसा नव्हता. त्यांना गप्पांची भारी हौस. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून त्या विचारपूस करायच्या. पण कोणी फार वेळ टिकत नसे, कारण जवळ बसलं की टोचायचं. एकदा एक ससा त्यांच्या पाया पडला आणि पुढे कितीतरी दिवस कान बांधून हिंडत होता.

यजमान होते तोवर ठीक होतं. त्यांनाही काटे होते, त्यामुळे दोघं जरा अंतर ठेवून बसत, पण बसत. ते वारले आणि बीळ एकदम मोठं वाटायला लागलं. वेणूबाई दाराशी बसून राहायच्या. कोणाशी बोलायचं, हा प्रश्न होता.

अशात एक दिवस दारात कासव आलं. झाडाखाली पडलेले आवळे खायला आलं होतं. वेणूबाई सवयीने अंग चोरून त्याच्या शेजारी बसल्या. तरी एक काटा लागलाच. टक् असा आवाज झाला. कासवाने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा आवळा खायला लागलं.

पळून गेलं नाही, मुलांनो. ओरडलंसुद्धा नाही. वेणूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यांनी ते कासव पाळलं. त्याचं नाव अच्युत ठेवलं. कासवाला वाटत होतं की आपणच साळिंदर पाळलंय, पण ते त्याने बोलून दाखवलं नाही. बोलायला त्याला फार वेळ लागायचा. एक वाक्य सकाळी सुरू केलं तर क्रियापद जेवणाच्या सुमारास यायचं. तेवढ्या वेळात वेणूबाई अख्ख्या जंगलाची खबरबात सांगून मोकळ्या व्हायच्या. दोघांचं छान जमलं. शरद ऋतू असा गप्पांत गेला.

मग थंडी पडली.

ओढ्यावर धुकं बसायला लागलं. अच्युतने आवळे खाणं सोडलं. वेणूबाईंनी धावड्याच्या झाडाचा डिंक गोळा करून लाडू वळले, तेही त्याने खाल्ले नाहीत. दिवसभर तो डोळे मिटून बसायचा. एका सकाळी वेणूबाईंनी पाहिलं तर तो आवळ्यामागे जमीन उकरत होता. निम्मा आत गेलाच होता. वेणूबाईंनी त्याला मागून धरून ओढून काढलं.

"हे काय चाललंय?"

"मी... थंडीत... झोपतो," अच्युत म्हणाला. "जमिनीत."

"किती वेळ?"

"उन्हं... तापेपर्यंत."

"अरे, म्हणजे होळी येईल."

"हो," अच्युत म्हणाला. हे एक उत्तर त्याला झटकन देता यायचं.

वेणूबाईंनी त्याला हात लावून पाहिला. अंग गार पडलेलं. त्यांनी झटकन हात मागे घेतला. "हे बघ अच्युता," त्या म्हणाल्या, "मागच्या थंडीत आमचे हे असंच म्हणाले होते. जरा पडतो, म्हणाले. मी म्हटलं, पडा. ते काही उठले नाहीत. माझ्या घरात आता थंडीत कोणी झोपायचं नाही."

यावर अच्युतला बरंच सांगायचं होतं. कासवाची झोप वेगळी, साळिंदराची वेगळी, आपण दरवर्षी झोपतो आणि दरवर्षी उठतो, वगैरे. पण त्याचा पहिला शब्द ओठांवर येईपर्यंत वेणूबाई पांघरूण शोधायला बिळात शिरल्याही होत्या.

आणि बिळात पांघरूण नव्हतं. साळिंदराच्या घरी कधी नसतंच. गोधडी आणली तर एका रात्रीत तिची चाळण होते. वेणूबाईंनी वाळका पाला गोळा करून अच्युतवर घातला, तर वाऱ्याने तो उडवून ओढ्यापलीकडे नेला. उन्हात ठेवलं, तर ऊन सरकायचं आणि अच्युत तिथेच राहायचा. तेव्हा त्यांना शाली आठवल्या.

आता इथे नीट लक्ष द्या. चुळबुळ करू नका.

त्या जंगलात शाली भरपूर होत्या. प्रत्येक ढोलीत, प्रत्येक गुहेत शालींची चळत होती. पण शाल कोणी विणत नव्हतं आणि विकतही नव्हतं. शाल मिळायची ती सत्कारात. घुबडाचा रात्री जागल्याबद्दल सत्कार झाला होता, रानडुकराचा जमीन उकरल्याबद्दल, आणि मोराचा मोर असल्याबद्दल. ज्याला शाल मिळे तो ती घडी घालून ठेवून देई. मग त्याच्यावर दुसऱ्याचा सत्कार करायची वेळ आली की तीच शाल बाहेर निघे. काही शाली सगळं जंगल फिरून मूळ मालकाकडे परत आल्या होत्या. तो म्हणायचा, "अगदी अशीच एक माझ्याकडे होती."

पांघरत मात्र कोणीच नव्हतं. पहाटे सगळं जंगल कुडकुडायचं, पण शालीला हात लावायचं कोणाच्या मनातसुद्धा येत नसे.

आवळ्याच्या फांदीवर कुसुमवहिनी राहायच्या. त्या वानरीण. त्यांच्या ढोलीत शालींचा ढीग होता. वेणूबाईंनी खालून हाक मारली.

"वहिनी, एक शाल द्याल का? आमच्या अच्युतला थंडी बाधलीय."

"अगं बाई," कुसुमवहिनी म्हणाल्या. "पण देणार कशी?"

"खाली टाका. मी झेलते."

"अहो, तशी शाल देत नाहीत. सत्कार करून देतात. नुसती दिली तर लोक म्हणतील, कासवाला भीक घातली. मला नाही बाई ते बघवायचं."

"त्याला थंडी वाजतेय हो."

"तेच म्हणतेय मी. आधीच थंडीने बेजार, त्यात अपमान कशाला?" एवढं बोलून कुसुमवहिनींनी ढोलीचं दार लोटून घेतलं, कारण त्यांनाही थंडी वाजत होती.

वेणूबाई मग तात्यासाहेबांकडे गेल्या. तात्यासाहेब म्हणजे तरस. ते वनगौरव मंडळाचे अध्यक्ष होते. तरस विनाकारण हसतं हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. तात्यासाहेब प्रत्येक वाक्यानंतर हसायचे, त्यामुळे त्यांची भाषणं खुमासदार असतात असा त्यांचा लौकिक होता.

"तुमच्या कासवाने केलंय काय?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"काही नाही हो. आवळे खाल्ले."

"म्हणजे मूक कार्य," तात्यासाहेब म्हणाले आणि हसले. "किती वर्षं?"

"काही न करण्याला? जन्मापासून असेल."

"वा. अखंड. अशी माणसं आता राहिली नाहीत." ते पुन्हा हसले. "ठरलं मग. करू सत्कार."

"मला फक्त शाल हवी होती," वेणूबाई म्हणाल्या.

"सुटी शाल मिळत नाही, बाई. शालीबरोबर नारळ येतो, मानचिन्ह येतं, चार शब्द येतात. ते घ्यावे लागतात."

वेणूबाईंनी मान डोलावली. अच्युतला ऊब मिळत असेल तर त्या चार काय, चाळीस शब्द ऐकायला तयार होत्या. त्यांना तात्यासाहेबांचे चार शब्द माहीत नव्हते.

सत्कार ठरला तो उघड्या माळावर. बिळात श्रोते मावणार नाहीत, असं मंडळाचं म्हणणं होतं. वेळ ठरली संध्याकाळची. पौष महिना, वारा सुटलेला. मध्यभागी एक सपाट कातळ होता, त्यावर अच्युतला बसवलं. कातळ इतका गार होता की अच्युतने चारही पाय आत घेतले.

"पाहा," तात्यासाहेब म्हणाले, "किती संकोची स्वभाव."

मग स्वागत झालं. स्वागताला उत्तर झालं. प्रास्ताविक झालं आणि परिचय झाला. परिचय लांबला, कारण अच्युतबद्दल सांगण्यासारखं काहीच नव्हतं आणि ते वेगवेगळ्या प्रकारे सांगावं लागलं. शाल सगळ्यात शेवटी असते. वेणूबाई पहिल्या रांगेत बसून त्या घडीकडे बघत होत्या. मध्येच उठून त्या तात्यासाहेबांच्या कानात म्हणाल्या, "आधी शाल घाला ना, मग बोला." तात्यासाहेबांनी ते हसण्यावारी नेलं.

शेवटी शाल आली. शाल खांद्यावर घालायची पद्धत, आणि कासवाला खांदे नसतात. घातली की घसरायची. बगळा फोटो काढत होता. तो म्हणाला, नीट आलं नाही, पुन्हा घाला. मग काढली, पुन्हा घातली, पुन्हा घसरली. तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला आणि सगळे टाळ्या वाजवायला लागले. टाळ्यांनी हात गरम होतात.

"आता सत्कारमूर्ती मनोगत व्यक्त करतील," तात्यासाहेब म्हणाले.

अच्युतने मान बाहेर काढली. "मला..." तो म्हणाला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "झोपू..." त्यापुढचा शब्द येईपर्यंत आभारप्रदर्शन होऊन माळ रिकामा झाला होता.

घरी येऊन वेणूबाईंनी शाल उलगडली आणि उजेडासमोर धरली. पलीकडचं आवळ्याचं झाड स्पष्ट दिसलं. एकेक पान मोजून घ्यावं इतकं स्पष्ट. ही शाल इतक्या खांद्यांवरून गेली होती की तिच्यात आता शालपणा उरला नव्हता.

एका शालीचं काम नव्हतं. एकावर एक बऱ्याच घालाव्या लागणार होत्या. म्हणजे बरेच सत्कार आले.

मुलांनो, तुमच्यापैकी हुशार असेल त्याच्या लक्षात आलं असेल की अच्युतला थंडी बाधत होती ती सत्कारांतच. पण वेणूबाई काही मूर्ख नव्हत्या, बरं का. त्या घाबरलेल्या होत्या. घाबरलेल्या माणसाला काहीतरी करत राहावं लागतं.

अच्युतचे सत्कार सुरू झाले. गारठ्यात न डगमगता बसल्याबद्दल झाला. मितभाषी असल्याबद्दल झाला. कवच स्वतः वाहून नेल्याबद्दल झाला. एकदा तर मंडळाकडे कारण शिल्लक नव्हतं, तेव्हा आधीचे सत्कार स्वीकारल्याबद्दल झाला. प्रत्येक वेळी माळ, कातळ, वारा आणि तात्यासाहेब. अच्युत बसल्या जागी डोळे मिटायचा. लोक म्हणायचे, काय एकाग्रतेने ऐकतात. डोकं आत घेतलं की म्हणायचे, नम्रता पाहावी तर यांची.

शाली मात्र साठेनात. कारण रिवाजच तसा होता. ज्याला शाल मिळाली त्याने पुढच्याला घातलीच पाहिजे. अच्युतला एक मिळाली की दुसऱ्याच दिवशी मंडळाचा निरोप यायचा, की आज खारीचा सत्कार आहे, अध्यक्षस्थानी अच्युतराव, येताना शाल आणावी. म्हणजे अच्युतराव एका संध्याकाळी शाल घेण्यासाठी कुडकुडत होते आणि दुसऱ्या संध्याकाळी ती देण्यासाठी.

"नाही आलो तर?" वेणूबाईंनी एकदा विचारलं.

"मग यांना पुढच्या कार्यक्रमाला कोण बोलावेल?" तात्यासाहेब म्हणाले. ते हसले, पण या वेळी वेणूबाईंना ते हसणं आवडलं नाही.

थंडी ऐन भरात आली. आणि मंडळाने जाहीर केलं की अच्युतरावांचा भव्य नागरी सत्कार होणार. प्रमुख पाहुणे खुद्द वाघमहाराज. शाल राजवाड्यातली. दूर डोंगरातल्या मेंढ्यांच्या लोकरीची, गोधडीसारखी जाड. ती आजवर कोणाला घातलीच नव्हती, त्यामुळे तिच्यातली ऊब शाबूत होती.

वेणूबाईंना हायसं वाटलं. ही एक शाल मिळाली की झालं, त्यांना वाटलं. मग अच्युतला कुठेही न्यायचं नाही. ती शाल कोणाला द्यायचीही नाही, मंडळाने काहीही म्हणू दे.

सत्काराच्या दिवशी सकाळी त्यांनी अच्युतला आंघोळ घालायला उचललं. आणि तशाच थांबल्या.

अच्युत हलका झाला होता. दिवाळीच्या सुमारास त्याला उचलताना वेणूबाईंच्या कमरेत कळ यायची. आता तो एका हाताने उचलला गेला. त्यांनी त्याला कानाशी धरून जरा हलवलं. आत काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं. कवच तेवढंच होतं, आतला अच्युत कमी झाला होता.

"अच्युता," त्या म्हणाल्या. "अरे, काय झालं तुला?"

अच्युतने डोळे उघडले. त्याने बोलायला सुरुवात केली. वेणूबाईंच्या ओठांवर कितीतरी शब्द आले, पण त्यांनी ते गिळले. आयुष्यात पहिल्यांदा त्या दुसऱ्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत गप्प बसल्या. ऊन आवळ्याच्या शेंड्यावर होतं ते खाली बुंध्याशी आलं, तोवर अच्युत बोलत होता.

तो म्हणाला, "वेणूबाई, तुमचे यजमान झोपले म्हणून गेले. मी झोपलो नाही तर जाईन."

वेणूबाईंनी त्याला हळूच खाली ठेवलं.

"आणि झोपलास, आणि उठला नाहीस, तर?"

"तर... तुम्ही... म्हणाल," अच्युत म्हणाला, "मी... सांगत... होते."

वेणूबाईंना हसू आलं आणि हसता हसताच रडू आलं. मग त्यांनी डोळे पुसले आणि आवळ्यामागे जाऊन उकरायला लागल्या. साळिंदर खणायला पटाईत असतं. मऊ माती लागेपर्यंत त्या खाली गेल्या.

"एवढं पुरे?"

"आणखी... थोडं."

त्यांनी आणखी खणलं. खाली वाळका पाला अंथरला. अच्युतला हळूच आत ठेवलं.

"उन्हं तापली की मी आपणहून येईन," अच्युत म्हणाला. हे म्हणायलाही त्याला वेळ लागला, पण वेणूबाई थांबल्या होत्या. "तोवर उकरू नका."

"नाही उकरणार."

त्यांनी बाजूने माती लोटली. पाठीवर लोटली. तोंडावर माती घालायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांचे हात चालेनात. यजमानांच्या वेळी त्यांनी हेच केलं होतं. अच्युतनेच मग डोकं आत घेतलं, म्हणजे त्यांना त्याचा चेहरा दिसू नये. वेणूबाईंनी डोळे मिटून राहिलेली माती ओढली आणि हाताने थापटली.

हे झालं. पण संध्याकाळचं काय?

वेणूबाई तात्यासाहेबांकडे गेल्या. म्हणाल्या, "अच्युतला आज यायला जमणार नाही."

"असं कसं?" तात्यासाहेब हसायचं विसरले. "पत्रिका वाटून झाल्या. महाराज निघालेत. त्यांना सांगू काय? सत्कारमूर्ती नसेल तर मग महाराज दुसरं कोणाला तरी समोर बसवून घेतात. मागे एकदा हरीण बसलं होतं. ते परत गेलं नाही."

वेणूबाई घरी आल्या. ओढ्यात त्यांना एक गोल गुळगुळीत दगड दिसला, वरून फुगीर आणि खालून सपाट. त्यांनी तो उचलला, पुसला आणि अंधार पडायच्या आत माळावर नेऊन कातळावर ठेवला.

आता कोणीतरी ओळखणार, असं त्यांना वाटत होतं. पण मुलांनो, त्यांनी उगाच काळजी केली. मंडळाने सत्कारमूर्तीकडे नीट पाहिलं असतं तर ते मंडळ कसलं?

वाघमहाराज उशिरा आले. वाटेत थोडं खाऊन आले होते. काय, ते विचारायची पद्धत नव्हती. तात्यासाहेबांनी नेहमीचा परिचय करून दिला. मूक कार्य, अखंड साधना, नम्र स्वभाव. दगडाला प्रत्येक शब्द लागू पडत होता, कासवापेक्षा बराच जास्त. महाराजांनी शाल घातली. या वेळी ती घसरली नाही. बगळा म्हणाला, असा शांत चेहरा मी आजवर टिपला नव्हता.

"आता मनोगत," तात्यासाहेब म्हणाले.

दगड काही बोलला नाही. सगळे श्वास रोखून बसले. मग मागे कोणीतरी हुंदका दिला. बहुधा कुसुमवहिनी. वाघमहाराजांचेही डोळे पाणावले. इतकं थोडक्यात बोलणारा सत्कारमूर्ती त्यांना कधी भेटला नव्हता.

वेणूबाई शाल घेऊन घरी आल्या. दगड त्यांनी तिथेच राहू दिला. शाल खरंच जाड होती. आवळ्यामागे जाऊन त्यांनी ती मातीवर अंथरली आणि चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवले. खाली अच्युतला तिचा काही उपयोग नव्हता, हे त्यांना कळत होतं. तरी अंथरली. शेजारी बसून त्यांनी मातीला विचारलं, "बरं वाटतंय ना?"

दुसऱ्या दिवशी तात्यासाहेब आले. गोगलगायीचा सत्कार होता आणि त्यांना ती शाल हवी होती.

"अंथरलीय," वेणूबाई म्हणाल्या.

"कुठे?"

"मातीवर. खाली माझं माणूस झोपलंय."

तात्यासाहेबांनी वाकून पाहिलं. शालीला दव लागलं होतं, एका कोपऱ्यावर मुंग्या चढल्या होत्या. "म्हणजे तुम्ही शाल वापरलीत?" ते म्हणाले. जंगलात असं कधी घडलं नव्हतं. वर फांदीवरून कुसुमवहिनींनी कपाळाला हात लावला.

मंडळाची तातडीची बैठक झाली. वेणूबाईंना यापुढे कुठल्याही सत्काराला बोलवायचं नाही, असं एकमताने ठरलं. वेणूबाईंनी हात जोडून उपकार मानले. अच्युतरावांचा मात्र यात काही दोष नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. उलट अशा घरात त्यांची आबाळ होत असणार. म्हणून मंडळाने त्यांना कायमचं माळावरच ठेवून घेतलं. तिथे ते रोज अध्यक्षस्थानी असायचे. त्यांच्या काळात एकही कार्यक्रम लांबला नाही, अर्थात तात्यासाहेब बोलले ते सोडून.

इकडे वेणूबाई एकट्या होत्या. रोज सकाळी आवळ्यामागे जाऊन त्या मातीशी बोलायच्या. ओढ्याला किती पाणी उरलं, खारीने कोणाशी भांडण केलं, सगळं सांगायच्या. कधी कधी सांगण्यासारखं काही नसायचं, तेव्हा रडायच्या. त्या हिवाळ्याइतकं एकटं त्यांना कधीच वाटलं नव्हतं, यजमान गेले तेव्हासुद्धा नाही. कारण तेव्हा वाट बघायची नव्हती.

मग वारा बदलला. पळस फुलला. पालीसरडे बाहेर येऊन ऊन खायला लागले. घोरपड उठली. ओढ्यातले बेडूक उठले. होळी होऊन गेली.

अच्युत उठला नाही.

वेणूबाईंनी शाल बाजूला केली. मातीला कान लावला. काही ऐकू आलं नाही. त्यांनी उकरायला हात टाकला. दोन बोटं माती निघालीही. मग त्यांना आपला शब्द आठवला, आणि त्यांनी ती माती परत जागेवर सारली. हात पुन्हा तिकडे जाऊ नयेत म्हणून त्या आपल्याच हातांवर बसल्या. साळिंदराने स्वतःच्या हातांवर बसणं सोपं नसतं, मुलांनो. करून पाहू नका.

त्या तशा बसल्या. उन्हं चढली आणि उतरली. दुसऱ्या दिवशीही बसल्या. कुसुमवहिनी वरून म्हणाल्या, "आता सोडा हो आशा. काही खाऊन घ्या." वेणूबाईंनी मान वर केली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मातीला एक भेग पडली.

आधी मुंगीएवढी. मग बोटाएवढी. मग ढेकूळ बाजूला झालं आणि खालून एक मळकट नाक वर आलं. वेणूबाईंच्या पाठीवरचे सगळे काटे एकदम ताठ उभे राहिले. डोकं बाहेर आलं, मग पाय, मग कवच. त्या कवचावर एक काटा लागला आणि टक् वाजलं, कारण वेणूबाई इतक्या जवळ सरकल्या होत्या.

"भूक..." अच्युत म्हणाला.

वेणूबाई धावत गेल्या आणि पळसाची फुलं ओंजळीत भरून आणली. तो खात होता तोवर त्या त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "मी इतकं बोलत होते, तुला काही ऐकू आलं?"

"नाही," अच्युत म्हणाला. "एक शब्दही... नाही."

"बरं झालं," वेणूबाई म्हणाल्या. "मी फार रडत होते."

अच्युतने फूल खाणं थांबवलं. "आता... सांगा," तो म्हणाला.

आणि वेणूबाईंनी सगळं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

ते दोघं बसले असताना तात्यासाहेब तिथून गेले. त्यांनी अच्युतला खालून वर पाहिलं. चिखलाने माखलेला, पळसाच्या पाकळ्या ओठांना लागलेला. "हे कोण?" त्यांनी विचारलं. "नवीन दिसतात. आमच्या अच्युतरावांचे कोणी लागतात का?"

"लांबचे," वेणूबाई म्हणाल्या.

"तरीच," तात्यासाहेब म्हणाले. "त्यांची सर नाही." आणि ते हसत हसत माळाकडे गेले, कारण त्या संध्याकाळी अच्युतरावांना जीवनगौरव द्यायचा होता.

तात्पर्य : ज्याच्यावर आपला खरा जीव आहे त्याला थंडी पडताच मातीत पुरावं आणि मुकाट्याने वाट बघावी. ज्याच्यावर नाही, त्याला खुशाल शाल घालावी.